केबल बोगद्यातील आगीचा धोका कसा जोखावा?

जमिनीखालच्या केबल बोगद्यांतील आगीविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. कारखान्यांत, विमानतळांवर, मेट्रोच्या स्थानकांखाली आणि नव्या वसाहतींत असे बोगदे वाढत असताना हा प्रश्न केवळ तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. म्हणून या वेळचे सदर निवडक पत्रे घेऊन याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या कारखान्यात उपकेंद्रापासून उत्पादन विभागापर्यंत सुमारे ६०० मीटर लांबीचा केबल बोगदा आहे. त्यात ३३ केव्ही (किलोव्होल्ट) व ११ केव्हीच्या केबल, लो-टेन्शन (कमी दाबाच्या) केबल, नियंत्रण केबल आणि अग्निशमनाच्या पाण्याची वाहिनी आहे. बाहेरच्या सल्लागारांनी दहा घटकांना प्रत्येकी दहा गुण ठेवून तपासणी केली आणि १०० पैकी ७२ गुण देऊन बोगदा ‘समाधानकारक’ ठरवला. व्यवस्थापन निश्चिंत झाले आहे, मी मात्र नाही. माझी शंका रास्त आहे का?
— देखभाल अभियंता, रायगड जिल्हा

उत्तर : आपली शंका पूर्णपणे रास्त आहे, आणि तिचे कारण त्या बेरजेतच आहे. नऊ घटकांना प्रत्येकी ८ गुण मिळाले आणि ‘जॉइंटची (केबलच्या जोडाची) स्थिती’ या दहाव्या घटकाला शून्य मिळाले, तरी बेरीज ७२ च होते. प्रकाशव्यवस्था चांगली आहे, फलक लावलेले आहेत, नोंदवह्या नीट भरल्या आहेत, म्हणून एका सदोष जॉइंटमधून निघणारी ठिणगी कमी होत नाही. गुण देण्याची पद्धत अनेक बोगद्यांपैकी आधी कोणत्या बोगद्याकडे पाहायचे हे ठरवायला उपयोगी पडते, पण एखादा बोगदा सुरक्षित आहे असे तिच्या आधारे म्हणता येत नाही. म्हणून सल्लागारांकडून पहिल्यांदा त्या ७२ गुणांची फोड मागवावी आणि सर्वांत कमी गुण कोणत्या घटकाला, बोगद्याच्या कोणत्या जागी मिळाले आहेत ते पाहावे.

आग सुरू होण्याची शक्यता बोगदाभर सारखी पसरलेली नसते. कारखान्यातून तयार होऊन आलेली केबलची सलग लांबी बहुधा निर्दोष असते. माणसाच्या हातून जागेवर तयार होतात ते जॉइंट आणि टर्मिनेशन (केबलचे उपकरणाला जोडायचे टोक). तिथे कनेक्टर नीट क्रिम्प झाला (दाबून घट्ट बसला) नसेल, तर संपर्काच्या जागी रोध वाढतो आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने धातूचा पृष्ठभाग काळवंडतो, रोध आणखी वाढतो आणि हे चक्र कित्येक महिने निमूटपणे चालू राहते. दुसरा दोष इन्सुलेशनमधला. आत हवेची पोकळी, धुळीचा कण किंवा ओल राहिली की तेथे पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनच्या आतल्या सूक्ष्म ठिणग्या) सुरू होतो, इन्सुलेशन आतून पोखरले जाते आणि एके दिवशी आर्क (सलग विद्युत ठिणगी) पेटतो, ज्याचे तापमान हजारो अंशांत असते. संरक्षक रिले (दोष ओळखणारे उपकरण) आणि ब्रेकर (पुरवठा तोडणारा स्विच) यांनी सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडला, तर बहुतेक वेळा नुकसान त्या जॉइंटपुरते राहते. तो तुटला नाही, किंवा अर्थ-फॉल्टचा (जमिनीकडे वीज जाण्याच्या दोषाचा) प्रवाह इतका कमी राहिला की रिलेला दोष कळलाच नाही, तर शेजारच्या केबलचे आवरण पेटायला पुरेसा वेळ मिळतो. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात ५ ऑक्टोबर २०१४ रोजी पेनरोझ उपकेंद्राच्या केबल चरात एका जॉइंटच्या बिघाडातून आग लागली आणि सुमारे ७५ हजार ग्राहकांची वीज गेली. अनेक केबल एकाच उघड्या चरात शेजारी शेजारी असल्यामुळे एका जॉइंटचा दोष सर्वांना भोवला.

आपल्याकडच्या एका सवयीचा येथे मुद्दाम उल्लेख करतो. फीडर (पुरवठ्याची मुख्य केबल किंवा लाइन) ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की तो एकदा ‘चार्ज करून पाहण्याचा’, म्हणजे पुन्हा वीज सोडून पाहण्याचा, प्रघात अनेक ठिकाणी आहे. ओव्हरहेड लाइनवर फांदी टेकून निघून गेलेली असू शकते, त्यामुळे तेथे त्याला काही अर्थ असतो. केबलमधला फॉल्ट मात्र जवळजवळ नेहमीच कायमचा असतो. प्रत्येक वेळी चार्ज करताना त्याच जागी, आधीच तापलेल्या आणि फाटलेल्या इन्सुलेशनमध्ये नवा आर्क पेटतो. बोगद्यातून जाणारा फीडर मेगर करून (इन्सुलेशनचा रोध मोजून) आणि फॉल्टची जागा शोधून झाल्याशिवाय चार्ज करायचा नाही, हा लेखी नियम आपल्या कारखान्यात आहे की नाही, हा प्रश्न त्या दहा घटकांत होता का?

जॉइंटनंतर भार पाहावा. एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन) केबलच्या वाहकाचे तापमान सतत ९० अंश सेल्सिअसपर्यंत चालते, पीव्हीसीचे ७० अंशांपर्यंत. कॅटलॉगमधली प्रवाहक्षमता आपल्याकडे सहसा ४० अंशांची हवा गृहीत धरून दिलेली असते. उन्हाळ्यात पंखा बंद असलेल्या बोगद्यातली हवा ५० अंशांवर गेली, तर वाहकाला उष्णता टाकण्यासाठी ५० ऐवजी ४० अंशांचाच फरक उरतो आणि चालण्याजोगा प्रवाह ४०/५० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ८९ टक्के, उरतो. एका ट्रेवर (केबल ठेवायच्या लांब तबकावर) केबल दाटीने ठेवल्या असतील तर तो आणखी घटतो. केवळ जास्त भाराने केबल थेट पेटण्याचे प्रसंग कमी असतात, पण इन्सुलेशनचे आयुष्य भराभर घटते आणि कमजोर जॉइंट आधी जातो.

आणि तिसरे कारण केबलशी संबंधितच नसते. अशा आगींचा इतिहास पाहिला तर मोठ्या आगी अनेकदा माणसाच्या हातातल्या ज्योतीने लागल्या आहेत. टोकियोच्या सेतागाया भागात १९८४ साली कामगारांच्या टॉर्चमुळे टेलिफोन केबलचा बोगदा पेटला. अमेरिकेतील ब्राऊन्स फेरी अणुवीज केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी भिंतीतल्या केबलच्या छिद्रातून हवा गळते का हे मेणबत्तीच्या ज्योतीने पाहिले जात होते. छिद्रात भरलेला पॉलियुरेथेन फोम पेटला, आग सुमारे सात तास चालली आणि १,६०० हून अधिक केबल खराब झाल्या. आपल्या बोगद्यात हीट-श्रिंक (तापवून आकसणारे) जॉइंट गॅसच्या टॉर्चने बसवले जात असतील, तर जॉइंट दुरुस्त करण्याचा दिवस हाच धोक्याचा दिवस ठरतो. शक्य तेथे ज्योत न लागणारे कोल्ड-श्रिंक जॉइंट वापरावेत, आणि ज्योतीचे काम टळणार नसेल तर काम संपल्यावरही तेथे माणूस पहाऱ्यावर ठेवावा.

म्हणून बेरीज बाजूला ठेवून बोगद्याचा नकाशा घ्यावा आणि प्रत्येक जॉइंट, प्रत्येक वळण, केबल जेथे एकमेकींवरून जातात अशी प्रत्येक जागा धरून काही प्रश्न विचारावेत. येथे आग लागली तर ती कोणत्या ट्रेवर आधी चढेल? ती किती मिनिटांत कळेल आणि कोणाला कळेल? पंखे कोण बंद करील? कोणते फीडर जातील, आणि त्यांत अग्निशमन पंपाचा फीडर आहे का? आत माणूस असेल तर तो कोणत्या बाजूने बाहेर येईल? पंपाचा फीडर त्याच बोगद्यातून जात असेल, तर आपली पाण्याची वाहिनी ऐन वेळी कोरडी राहील. अशा वीस-पंचवीस प्रसंगांची यादी झाली की तिच्यातले सर्वांत वाईट तीन-चार प्रसंग हाच आपल्या बोगद्याचा खरा धोका समजावा.

प्रश्न : ‘फायर लोड’ म्हणजे बोगद्यातल्या जळू शकणाऱ्या पदार्थाची उष्णता कशी काढतात आणि ती जास्त असली म्हणजे धोका जास्त असे म्हणता येते का?
— विद्युत अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : हिशेब सोपा आहे आणि तो स्वतः करून पाहण्यासारखा आहे. समजा, बोगद्यात बारा केबल आहेत आणि प्रत्येकीत एका मीटरला ४ किलो प्लास्टिक आहे. पॉलिएथिलीन जळताना एका किलोला सुमारे ४५ मेगाज्यूल उष्णता देते, पीव्हीसी त्याच्या निम्म्याहूनही कमी. आवरणे, इन्सुलेशन आणि भराव यांची सरासरी २५ धरू. तर एका मीटरला ४८ गुणिले २५, म्हणजे १,२०० मेगाज्यूल होतात. २०० मीटरच्या एका विभागात २,४०,००० मेगाज्यूल.

आता याच विभागातली हवा मोजा. बोगदा अडीच मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच असेल तर २०० मीटरमध्ये १,२५० घनमीटर, म्हणजे सुमारे १,५०० किलो हवा असते. जवळजवळ कोणताही सेंद्रिय पदार्थ जळताना वापरल्या गेलेल्या एका किलो हवेमागे सुमारे ३ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणून आतली सगळी हवा वापरली गेली तरी ४,५०० मेगाज्यूलच मिळतील, आणि प्रत्यक्षात ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १३ ते १५ टक्क्यांपर्यंत उतरले की ज्वाळा मंदावून विझू लागतात, त्यामुळे हाती लागते ती उष्णता याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. थोडक्यात, दारे-झडपा घट्ट बंद असतील तर आतली हवा चार मीटर केबलही पुरती जाळू शकत नाही, मग तेथे केबल बारा असोत वा चाळीस.

पंखा चालू राहिला की चित्र पालटते. तासाला दोनदा हवा बदलणारा पंखा तासाला सुमारे ३,००० किलो हवा आत आणतो आणि तेवढ्या हवेवर अडीच मेगावॉटची आग अखंड चालू शकते. सहा वेळा हवा बदलणारा पंखा साडेसात मेगावॉटची आग पोसतो. म्हणून माझ्या मते बोगद्याच्या मूल्यमापनात ‘हवा किती लवकर थांबते’ या प्रश्नाला केबलच्या एकूण वजनापेक्षा जास्त महत्त्व द्यायला हवे. चीनच्या २०१५ सालच्या शहरी सेवा-बोगद्यांच्या (वीज, पाणी, फोन अशा वाहिन्यांच्या एकत्रित बोगद्यांच्या) मानकात वीज केबल असलेला कप्पा दर २०० मीटरवर तीन तास आग सोसणाऱ्या भिंतीने तोडण्याची अट आहे, तिच्यामागचा एक हेतू हाच आहे. अर्थात भिंत जेथे केबलसाठी छेदलेली असते ते छिद्र सीलबंद नसेल, किंवा मधले दार कोणी विटेच्या टेकूने उघडे ठेवले असेल, तर भिंतीचे तीन तास फक्त कागदावर राहतात.

आग किती वेगाने सरकेल याचाही अंदाज विद्यार्थिनी म्हणून आपण घेऊ शकता. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगासाठी केबल ट्रेंवर झालेल्या प्रयोगांतून एक साधे प्रारूप तयार झाले आहे. त्यात आडव्या ट्रेवर आगीचा वेग पीव्हीसीसारख्या मऊ पडणाऱ्या प्लास्टिकसाठी सेकंदाला ०.९ मिलिमीटर, म्हणजे तासाला सुमारे सव्वातीन मीटर, आणि एक्सएलपीईसारख्या वितळून न वाहणाऱ्या पदार्थासाठी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका धरतात. वरच्या ट्रेकडे ती मिनिटांच्या हिशेबाने चढते: पहिल्याकडून दुसऱ्याकडे जायला चार मिनिटे, मग तीन, मग दोन. मात्र हे आकडे मोकळ्या जागेतल्या ट्रेंचे आहेत. बोगद्यात छताखाली तापलेल्या धुराचा थर साचतो आणि पुढच्या केबल आधीच तापवून ठेवतो, त्यामुळे तेथे वेग वाढतो. हे आकडे खालची मर्यादा म्हणून वापरावेत. उभ्या शाफ्टला (बोगद्यात उतरणाऱ्या विहिरीसारख्या मार्गाला) तर हे प्रारूप लावूच नये.

प्रश्न : रस्ते वारंवार खोदावे लागू नयेत म्हणून शहरांत सेवा-बोगदे करावेत असे म्हटले जाते. मग आपण पायाखाली आगीचा नवा धोका आणत आहोत का?
— वाचक, पुणे

उत्तर : धोक्याचे स्वरूप बदलते, हे खरे आहे. मातीत थेट पुरलेल्या केबलचा जॉइंट फुटला तर फीडर ट्रिप होतो, रस्ता खोदावा लागतो, पण आग सहसा पसरत नाही, कारण तेथे तिला हवाच मिळत नाही. बोगद्यात केबल दिसते, तपासता येते, दुरुस्त करता येते. आणि ज्या मोकळ्या जागेमुळे हे शक्य होते त्याच जागेत आगीलाही हवा असते. लंडनमध्ये गॅरिक रस्त्याखाली असा मार्ग १८६१ साली झाला, गुजरातच्या गिफ्ट सिटीत सुमारे १६ किलोमीटरचा सेवा-बोगदा आहे, आणि हे काम योग्य रीतीने करता येते याबद्दल मला शंका नाही. माझा आग्रह इतकाच आहे की बोगद्याच्या अंदाजपत्रकात विभाजनाच्या भिंती, धूर ओळखणारी यंत्रणा आणि ती वर्षानुवर्षे सांभाळणारी माणसे यांचा खर्च पहिल्या दिवसापासून धरलेला असावा. गॅसची वाहिनी वीज केबलच्या कप्प्यात ठेवू नये, हे तर निर्विवाद आहे.

प्रश्न : आम्ही नेहमी एफआरएलएस (आग रोखणारी, कमी धूर देणारी) केबलच टाकतो. ग्राहक विचारतात, आता आगीचा धोका संपला ना? त्यांना काय सांगावे?
— विद्युत ठेकेदार, नागपूर

उत्तर : धोका कमी झाला असे सांगावे, संपला असे सांगू नये. ‘केबल आग पसरवत नाही’ हे विधान चाचणीच्या परिस्थितीपुरते खरे असते. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग) ६०३३२ मानकाच्या पहिल्या भागात एकच केबल उभी टांगून तपासतात, आणि ती चाचणी उत्तीर्ण झालेल्या केबल जुडग्याने एकत्र आल्या की पेट घेऊन आग वर नेऊ शकतात. म्हणून तिसऱ्या भागात साडेतीन मीटर लांबीच्या केबल शिडीवर एकत्र बांधून खालून ज्योत देतात. त्यातल्या सर्वांत कडक ‘ए’ प्रवर्गात एका मीटरला ७ लिटर अधातू पदार्थ असतो, ‘सी’ प्रवर्गात फक्त दीड लिटर. वर ‘फायर लोड’च्या उत्तरातल्या बोगद्यात एका मीटरला ४८ किलो, म्हणजे साधारण ३५ ते ४० लिटर प्लास्टिक आहे. म्हणून ग्राहकाच्या निविदेत नुसते ‘एफआरएलएस’ न लिहिता चाचणीचा भाग आणि प्रवर्ग लिहून घ्यावा.

धुराबाबत तर अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. एफआरएलएस पीव्हीसीसाठी हायड्रोजन क्लोराइड वायूची मर्यादा वजनाच्या २० टक्के असते. याचा अर्थ, एक किलो आवरण जळाले तर २०० ग्रॅमपर्यंत वायू निघू शकतो. तो १,२५० घनमीटरच्या विभागात समान पसरला तरी त्याचे प्रमाण दशलक्षात १०० भागांच्या वर जाते, आणि ५० भागांची हवा ही जिवाला तत्काळ घातक मानली जाते. हे फक्त एका किलोचे गणित आहे. माणसे नियमित आत जातात अशा बोगद्यात हॅलोजनमुक्त (क्लोरीनसारखे घटक नसलेल्या), कमी धूर देणाऱ्या केबलचा आग्रह धरावा, असे माझे मत आहे. किंमत जास्त पडते हे मान्य करूनही.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला समजावून सांगावी लागते. आग न पसरवणारी केबल आगीत चालू राहीलच असे नाही. अग्निशमन पंप, धूर काढणारे पंखे आणि आपत्कालीन दिवे यांच्यासाठी आयईसी ६०३३१ प्रमाणे आगीतही पुरवठा टिकवणारी वेगळी केबल लागते आणि तिचा मार्गही वेगळा असावा लागतो.

प्रश्न : मी टोकियोत राहते. २०१६ साली येथे दुपारी अचानक मोठ्या भागात वीज गेली होती आणि केबलच्या बोगद्यातील आग हे कारण सांगितले गेले. इतक्या प्रगत शहरात एका आगीने इतके कसे घडले?
— वाचक, निशी-कासाई, टोकियो

उत्तर : ती आग १२ ऑक्टोबर २०१६ रोजी टोकियोलगतच्या सायतामा प्रांतातील नीझा येथे लागली. बोगद्यात २७५ केव्हीच्या, सुमारे ३५ वर्षांपूर्वी टाकलेल्या तेलभरल्या केबल होत्या. या जुन्या प्रकारच्या केबलमध्ये कागदाचे इन्सुलेशन तेलात भिजवलेले असते, त्यामुळे जॉइंटपाशी इन्सुलेशन निकामी होऊन आर्क पेटला की ज्वालाग्राही तेल तेथेच तयार असते. सुमारे ५ लाख ८० हजार ग्राहकांचा पुरवठा खंडित झाला, त्यात सरकारी मंत्रालयांचा कासुमिगासेकी भागही होता. दुसऱ्या मार्गांनी वीज वळवून साधारण तासाभरात पुरवठा परत आला, ही त्या जाळ्याची खरी ताकद होती. आग विझायला मात्र त्याहून फार जास्त वेळ लागला.

मूल्यमापन करणाऱ्याने यातून घेण्यासारखे असे की एकाच बोगद्यातून जाणारी दोन सर्किटे आगीच्या हिशेबात एकच सर्किट समजावीत. कागदावर ‘एक बंद पडले तर दुसरे आहे’ असे लिहिलेले असते, पण दोन्ही एकाच धुराखाली असतात. सेतागायाच्या आगीत जवळजवळ ८९ हजार टेलिफोन जोडण्या तुटल्या आणि बँकेची संगणकीय सेवाही कोलमडली. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात २४ नोव्हेंबर २०१८ रोजी एका दूरसंचार इमारतीखालच्या केबल मार्गात आग लागली. जळाली फक्त ७९ मीटर लांबी, पण शहराच्या मोठ्या भागात फोन, इंटरनेट आणि दुकानांतली कार्डे बंद पडली. त्या वेळच्या नियमांत ५०० मीटरपेक्षा लहान बोगद्याला आपोआप चालणारी अग्निशमन यंत्रणा सक्तीची नव्हती. बोगद्याची लांबी हे परिणामाचे माप धरल्यामुळे ही पोकळी राहिली होती. माप धरायचे असेल तर त्या बोगद्यावर किती लोकांची आणि कोणत्या रुग्णालयांची, जलकेंद्रांची सेवा अवलंबून आहे ते धरावे.

प्रश्न : केबल बोगद्याच्या शाफ्टमधून धूर येत असल्याची वर्दी मिळाली तर आमच्या जवानांनी प्रथम काय करावे? पाणी मारावे की मारू नये, यावर आमच्यात मतभेद आहेत.
— अग्निशमन अधिकारी, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर वर्दी येण्याच्या कितीतरी आधी तयार असावे लागते, म्हणून हा मूल्यमापनाचाच भाग आहे. प्रथम कोणीही आत उतरू नये. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, पीव्हीसी असेल तर हायड्रोजन क्लोराइड असतो, ऑक्सिजन कमी झालेला असतो आणि एका हातावरचेही दिसत नाही. आत कर्मचारी आहेत का, हे बोगद्याच्या नोंदवहीवरून ताबडतोब विचारावे. आत कोणी नाही याची खात्री होताच पंखे बंद करून झडपा लावून घ्याव्यात. कोणी आत असेल तर मात्र पंख्याची दिशा आणि वेग यांचा निर्णय त्या माणसाच्या सुटकेच्या मार्गावरून घ्यावा लागतो, आणि तेथे आग थोडी वाढली तरी चालेल, अशी भूमिका घ्यावी.

दुसरे म्हणजे पुरवठा बंद झाल्याची लेखी खात्री. बोगद्यात एकापेक्षा जास्त संस्थांच्या केबल असतील तर प्रत्येकीकडून स्वतंत्र खात्री हवी, आणि बंद केलेल्या केबल अर्थ केलेल्या (जमिनीशी जोडलेल्या) हव्यात, कारण शेजारच्या चालू सर्किटमुळे त्यांच्यात व्होल्टेज निर्माण होऊ शकते. हे झाल्यावर पाण्याला घाबरण्याचे कारण नाही. ब्राऊन्स फेरीला पाणी वापरायला बराच काळ टाळाटाळ झाली, आणि शेवटी पाणी मारल्यावर आग लवकर आटोक्यात आली. केबलचे जुडगे आतून धुमसत राहते; कार्बन डायऑक्साइड किंवा पावडरने ज्वाळा विझतात, पण आतली उष्णता उतरत नाही. ती पाण्यानेच उतरते.

बंद ठेवलेला विभाग घाईने उघडू नये. आत हवा संपलेली असली तरी तापलेल्या प्लास्टिकमधून ज्वलनशील वायू निघत राहतात आणि दार उघडताच ताजी हवा मिळून ते एकदम पेटू शकतात. लंडनच्या होबर्न भागात १ एप्रिल २०१५ रोजी रस्त्याखाली विजेच्या दोषातून आग लागली, गॅसची मुख्य वाहिनी फुटली, आग सुमारे ३६ तास चालली आणि जवळजवळ ५,००० लोकांना हलवावे लागले. जमिनीखाली आणखी काय आहे हे माहीत असल्याशिवाय धाडस करू नये, हे त्या प्रसंगावरून स्पष्ट होते. आपल्या हद्दीतल्या प्रत्येक केबल बोगद्याचा नकाशा, शाफ्टच्या जागा, झडपांच्या चाव्या आणि रात्री फोन उचलणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, एवढे आपल्या नियंत्रण कक्षात असायला हवे. वर्षातून एकदा तरी जवानांना तो बोगदा वीज बंद असताना आतून दाखवावा.

प्रश्न : आमच्याकडे निधी मर्यादित आहे. बोगद्यात देखरेखीची एकच गोष्ट आधी बसवायची तर कोणती?
— नगरपालिका अभियंता, मराठवाडा

उत्तर : एकच निवडायची झाली तर केबलच्या लांबीभर जाणारी, तापमान मोजणारी ऑप्टिकल फायबर निवडावी. फायबरमधून सोडलेल्या लेसर प्रकाशाचा जो अंश परत विखुरतो, त्यावरून जवळजवळ दर मीटरचे तापमान कळते, आणि जॉइंटभोवती ती फायबर दोन-चार वेढे देऊन ठेवली तर तेथले वाचन अधिक नेमके येते. ठरावीक अंशापेक्षा वाढ झाली तर घंटा वाजावी, इतक्यावर थांबू नये. त्याच भाराखाली शेजारच्या जॉइंटपेक्षा एक जॉइंट सतत जास्त तापत असेल, तर फरक लहान असला तरी तीच पहिली सूचना समजावी.

तोही खर्च यंदा जमणार नसेल तर बिनखर्चाचे किंवा कमी खर्चाचे बरेच काही आहे. प्रत्येक जॉइंटला क्रमांक द्यावा आणि तो कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या किटने केला हे नोंदवावे. शीथच्या (केबलच्या धातूच्या आवरणाच्या) अर्थिंग तारेतला प्रवाह क्लॅम्प मीटरने दर तिमाहीत मोजावा. पूर्ण भार असलेल्या वेळी थर्मल कॅमेरा भाड्याने आणून जॉइंटचे फोटो घ्यावेत. बोगद्यात पडलेले लाकडी ड्रमचे तुकडे, गोणपाट आणि रंगाचे डबे बाहेर काढावेत. भिंतीतली उघडी छिद्रे अग्निरोधक पदार्थाने भरून घ्यावीत, आणि नवी केबल टाकण्यासाठी ज्या ठेकेदाराने छिद्र उघडले त्याचे बिल ते पुन्हा भरल्याचा फोटो आल्याशिवाय मंजूर करू नये.